तीन रेडिओ आणि सुतातेन्सा

गेल्या अंकात कॅथलिक सामुदायिक रेडिओबद्दल लिहिताना कोलंबियातल्या सुतातेन्सा या गावाचं नाव मी ओझरतं घेतलं होतं. तिथल्या रेडिओने निरक्षर शेतकऱ्यांना लिहा-वाचायला शिकवलं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. सगळी पत्रं छापणं शक्य नाही. प्रश्न थोडक्यात दिले आहेत, उत्तरं मात्र मोकळेपणाने लिहिली आहेत.

प्रश्न : ताई, सुतातेन्साचा रेडिओ एका धर्मगुरूने तीन रेडिओसंचांवर सुरू केला असं तुम्ही लिहिलंत. ते धर्मगुरू कोण? एवढ्याशा गावात पैसा आला कुठून? (एक निवृत्त शिक्षक)

सर, त्यांचं नाव फादर होसे होआकिन साल्सेदो. ऑगस्ट १९४७ मध्ये ते सुतातेन्सा धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सहायक धर्मगुरू म्हणून आले, तेव्हा पंचविशीत होते. बोगोताच्या ईशान्येला, अँडीजच्या डोंगरात, बोयाका प्रांतात तेन्सा खोरं आहे, त्यातलं हे गाव. गावठाणात घरं थोडी, बाकी सगळी वस्ती डोंगरउतारावर विखुरलेली. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. रविवारी खाली उतरायचं, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना ऐकायची, बाजार करायचा आणि उरलेला दिवस चिचा ही मक्याची दारू पीत घालवायचा, असा आठवडा होता.

फादरांनी सोबत सिनेमाचा प्रोजेक्टर आणला होता. चौकात त्यांनी सिनेमा दाखवला आणि लोक उतारावरून खाली येऊ लागले. मग गावात एक नाट्यगृह हवं असं ठरलं. रोकड कुणाकडे नव्हती, कोंबड्या मात्र घरोघर होत्या. फादरांनी प्रत्येक घरी कोंबडी मागितली. हजारावर कोंबड्या जमल्या, त्या बोगोताला नेऊन विकल्या. दगडमातीचं काम गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी केलं. तुम्ही पैशांबद्दल विचारलंत म्हणून हे आधी सांगितलं. पुढे सरकारची मदत आली, परदेशातून यंत्रं आली, कर्जंही झाली. पण त्या सगळ्याच्या आधी कोंबडी दिलेली माणसं होती आणि ती त्या कामाला आपलं समजत होती.

रेडिओकडे फादर वळले ते अंतरामुळे. एका धर्मगुरूने प्रत्येक उतारावर जायचं म्हटलं तर वर्ष पुरत नाही. त्यांनी शंभर वॅटपेक्षाही कमी ताकदीचं, हाताने जुळवलेलं छोटं ट्रान्समीटर उभं केलं. २८ सप्टेंबर १९४७ ला पहिलं चाचणी प्रक्षेपण झालं. म्हणजे गावात पाऊल ठेवून जेमतेम महिना उलटला होता.

आता ते तीन रेडिओ. उतारावरच्या घरांत रेडिओ नव्हतेच, त्यामुळे ऐकणार कोण, हा प्रश्न फादरांपुढे पहिल्याच दिवशी होता. त्यांनी तीन संच मिळवले आणि ते लोकांमध्ये नेऊन ठेवले, शेजारपाजारच्यांनी येऊन ऐकावं म्हणून. मी आयुष्याची पंचवीस वर्षं स्टुडिओत काढली. रेडिओ काढायचा म्हणणारी कितीतरी माणसं मला भेटली, आणि जवळजवळ प्रत्येकाने आधी मनोऱ्याची उंची सांगितली. ऐकणारा कुठे बसेल, त्याच्या शेजारी कोण बसेल, हे आधी सांगणारे फार थोडे. सुतातेन्साचं मोठेपण मला त्या तीन संचांत दिसतं.

प्रश्न : रेडिओवरून अक्षरओळख कशी शिकवणार? अक्षर तर डोळ्यांना दिसावं लागतं. (अंगणवाडीत काम करणाऱ्या एक वाचक)

तुमचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण सगळं मर्म याच प्रश्नात आहे.

१९४९ मध्ये या कामाला संस्थेचं रूप आलं. स्पॅनिश नावाचा अर्थ ‘लोकांची सांस्कृतिक कृती’ असा होतो. नावाची आद्याक्षरं जुळवून लोक तिला ‘आक्पो’ म्हणत. या संस्थेने ज्या शाळा काढल्या त्यांना इमारत नव्हती. शाळा म्हणजे कुणाचं तरी घर. बॅटरीवर चालणारा रेडिओ, एक फळा, खडू, संस्थेने छापलेल्या पुस्तिका आणि घरचे-शेजारचे मिळून काही जण. त्यांच्यात एक जण असा, की ज्याला थोडंफार वाचता येतं. बहुतेकदा घरातलाच तरुण मुलगा किंवा मुलगी. त्याला ‘औक्सिलियार’ म्हणत, म्हणजे साहाय्यक. पगार नाही, पदवी नाही.

रेडिओवरचे गुरुजी सांगत, आता फळ्यावर हे अक्षर काढा. साहाय्यक काढायचा. गुरुजी म्हणत, पुस्तिकेतलं चित्र दाखवा. तो दाखवायचा. मग सगळे मिळून उच्चार करत, पाटी-वहीवर गिरवत, आणि ज्याचा हात वळत नसेल त्याचा हात हा मुलगा धरायचा. म्हणजे आवाज दूरचा आणि हात जवळचा. डोळ्यांचं काम फळा आणि पुस्तिका करत होत्या, मायेचं काम तो मुलगा करत होता. रेडिओकडे राहिली ती वेळेची शिस्त आणि ‘आपल्यासारखे आणखी हजारो जण या क्षणी हेच अक्षर गिरवत आहेत’ हा धीर.

इथे माझा एक अनुभव सांगते. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे प्रौढ शिक्षणाचा एक कार्यक्रम होता. रेडिओत आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं की हवेत शांतता जाता कामा नये. दोन-तीन सेकंद आवाज गेला नाही की काचेपलीकडचा ड्युटी ऑफिसर उभा राहतो. त्यामुळे मी अक्षर सांगायची आणि लगेच पुढे जायची. एके दिवशी पेन्सिलीने लिहिलेलं पोस्टकार्ड आलं. अक्षरं वाकडीतिकडी, ओळी उतरत गेलेल्या. एका बाईने लिहिलं होतं, ‘बाई तुमी लई भरभर बोलता. माजं अक्षर पुरं होत नाई तवर तुमी फुडं जाता.’ मी ते कार्ड हातात धरून कितीतरी वेळ बसून होते. दुसऱ्या दिवसापासून अक्षर सांगून झालं की मी मनात दहा आकडे मोजायला लागले. वरिष्ठांशी त्यावरून माझं वाजलं, पण दहा आकडे मी सोडले नाहीत. सुतातेन्साबद्दल पुढे वाचलं तेव्हा सगळ्यात आधी तेच कार्ड आठवलं.

अक्षरांपुरतं ते थांबलं नाही. त्यांच्या शिक्षणाचे पाच भाग होते : आरोग्य, अक्षर, अंक, अर्थव्यवहार व काम, आणि अध्यात्म. पाण्याची निगा, संडास बांधणं, घराची दुरुस्ती, शेणखत-पालापाचोळ्याचं खत, झाडं लावणं, सगळं त्यात यायचं. १९५८ पासून ‘एल काम्पेसिनो’ म्हणजे ‘शेतकरी’ या नावाचं साप्ताहिकही निघू लागलं. नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाला वाचायला काहीतरी हवं ना! साक्षरतेच्या कामात हे नेहमी विसरलं जातं.

आणि पत्रं. श्रोते लिहीत आणि संस्था त्यांना उत्तर देई. एकूण बारा लाखांवर पत्रांची नोंद आहे, आणि संस्थेचा पत्रं-कागदपत्रांचा संग्रह आज बोगोताच्या लुईस आन्खेल आरांगो ग्रंथालयात जपून ठेवला आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत अंगठा उठवणाऱ्या माणसांची पत्रं एखाद्या देशाच्या मोठ्या ग्रंथालयात ठेवली जातात, याचा मला विलक्षण आनंद वाटतो.

प्रश्न : पण हे चर्चचं केंद्र होतं. लोकांना आपल्या मुठीत ठेवण्यासाठीच ना हे सगळं? काही रेडिओ तर एकच केंद्र लागेल असे बनवलेले होते म्हणे. (महाविद्यालयीन विद्यार्थी)

ते खरं आहे. पुढच्या काळात स्वस्तातले जे संच वाटले गेले, त्यांतले काही सुतातेन्साच्याच फ्रिक्वेन्सीला बांधलेले होते. बॅटरी वाचावी, अभ्यास सोडून दुसरं काही ऐकलं जाऊ नये, अशी कारणं दिली जात. मला ती पटत नाहीत. ज्याला वाचायला शिकवायचं, त्याला काय ऐकावं हे ठरवायचा हक्कही द्यायला हवा.

काळही लक्षात घ्या. ९ एप्रिल १९४८ ला बोगोतात गायतान या लोकप्रिय नेत्याचा खून झाला, शहर पेटलं आणि खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षं रक्तपात चालला. शेतकरी साम्यवाद्यांकडे जाईल ही भीती सरकारला होती, चर्चलाही होती. सुतातेन्साला जी मदत मिळाली, तिच्यामागे ती भीतीही होती. हे लपवून मी त्या केंद्राचं कौतुक करणार नाही.

पण मग १९६० च्या दशकात काय झालं तेही बघा. याच केंद्राने जबाबदार पालकत्वाविषयी बोलायला सुरुवात केली. आई-वडिलांनी किती मुलं होऊ द्यायची याचा विचार करावा, असं शेतकऱ्यांना सांगितलं. त्यावरून बिशपांशी मतभेद झाले आणि साल्सेदोंना ते पुढे बराच काळ सोसावे लागले. मुठीत ठेवणं एवढाच हेतू असता तर हा विषय त्यांनी काढला नसता. तुम्ही विचारलंत हे चांगलं केलंत, असेच विचारत राहा.

प्रश्न : आमच्या धर्मग्रामात रेडिओची चर्चा चालू आहे. काहींचं म्हणणं, रेडिओ म्हणजे मोठं प्रवचनपीठ, त्यावरून शिकवण द्यावी. काही म्हणतात, लोकांचं ऐकावं. तुमचं मत? (धर्मग्राम समितीवरील एक प्रापंचिक)

माझ्या मताऐवजी बोलिव्हियातली गोष्ट सांगते, मग तुम्हीच समितीत मांडा.

बोलिव्हियाच्या उंच पठारावर ल्याल्यागुआ हे कथिलाच्या खाणींचं गाव आहे. त्याच्या लगत ‘सिग्लो बेइन्ते’, म्हणजे ‘विसावं शतक’ नावाची खाणवस्ती. १९५९ मध्ये तिथे ऑब्लेट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी ‘रेडिओ पियो दोसे’ सुरू केला. बाराव्या पायस पोपांचं नाव त्याला दिलं. हेतू उघड होता : दारूविरुद्ध बोलायचं, साम्यवादाविरुद्ध बोलायचं. खाणकामगारांच्या संघटनेचं स्वतःचं केंद्र तिथे आधीपासून होतं. मग एका वस्तीत दोन रेडिओ एकमेकांवर तुटून पडले. कामगारांना धर्मगुरूंचं केंद्र शत्रूचं वाटायचं आणि त्याच्यावर डायनामाइट फेकण्यापर्यंत प्रकरण गेलं.

पण धर्मगुरू तिथेच राहत होते. खाणीतून खोकत वर येणारी माणसं त्यांना रोज दिसत होती. छातीत धूळ साठून ती तरुणपणीच संपत होती. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सा त्यांनीच अर्पण केल्या. मग २४ जून १९६७ ची पहाट आली. संत योहानाच्या सणाची रात्र जागवून, शेकोट्यांभोवती नाचून लोक नुकते पांगले होते. लष्कर वस्तीत शिरलं आणि गोळीबार झाला. खाणकामगार मारले गेले, त्यांच्या बायका आणि मुलंही मेली. तोवर रेडिओ पियो दोसे कामगारांकडे झुकत चाललाच होता. पुढे तो पुरता त्यांच्या बाजूला उभा राहिला. सरकारांनी त्याच्यावर सैनिक घातले, यंत्रं मोडली, तरी केंद्र पुन्हा उभं राहिलं. आणि ज्यांनी एकेकाळी डायनामाइट फेकलं होतं, ते कामगार आता त्याचं रक्षण करायला येत.

एवढी वर्षं त्या धर्मगुरूंची शिकवण कुठे गेली होती? कुठेही गेली नव्हती. आधी ते कामगारांना उद्देशून बोलत होते, पुढे त्यांच्यात बसून बोलू लागले. तुमच्या समितीत दोन बाजू असतील तर भांडण ‘शिकवण की ऐकणं’ असं मांडू नका. दर आठवड्याला कोण कुणाच्या घरी जाऊन बसणार, ते ठरवा.

प्रश्न : सुतातेन्सा मग बंद का पडलं? (पहिलेच निवृत्त शिक्षक, दुसऱ्या पत्रात)

थोडक्यात सांगते, कारण ही गोष्ट लिहिताना मन खट्टू होतं. पसारा फार वाढला होता. ट्रान्समीटर, छापखाना, साप्ताहिक, शेतकरी नेत्यांना शिकवणाऱ्या संस्था, हे सगळं चालवायला पैसा लागतो. बाहेरची मदत आटली, सरकारी पाठबळ कमी झालं, बिशपांशी संबंध आधीच ताणलेले. शेतकरी शहरांकडे निघाले आणि त्यांना तऱ्हेतऱ्हेची व्यापारी केंद्रं ऐकायला मिळू लागली. १९८९ च्या सुमारास केंद्रं काराकोल या व्यापारी रेडिओ साखळीला विकली गेली. साल्सेदो १९९४ मध्ये वारले.

गावातून निघालेलं केंद्र देशभर पोचलं, तेव्हा ते कुठल्या एका गावाचं राहिलं नाही, असं मला वाटतं. कोंबडी देणारं गाव मागे पडलं. संकट आलं तेव्हा ‘हे आमचं आहे’ म्हणून रस्त्यावर कोण येणार होतं? सिग्लो बेइन्तेमध्ये माणसं आली होती. तुम्ही शिक्षक आहात. शाळेचा वर्ग शंभराचा झाला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

पण त्या रोपाची कलमं खूप लागली. एक्वादोरमध्ये बिशप लेओनिदास प्रोआन्यो यांनी १९६२ मध्ये रिओबाम्बाला रेडिओशाळा काढल्या, तिथल्या आदिवासींच्या किचुआ भाषेला त्यांत जागा मिळाली. १९७२ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या अशा रेडिओशाळांनी एकत्र येऊन ‘आलेर’ ही संघटना उभी केली.

प्रश्न : भारतात चर्चला असं केंद्र काढता येतं का? (एक तरुणी)

येतं. केरळात वायनाडमध्ये मानंतवाडी धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेने २००९ मध्ये ‘रेडिओ माट्टोली’ सुरू केला, एफएमच्या ९०.४ वर. मल्याळममध्ये माट्टोली म्हणजे प्रतिध्वनी. शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम आणि तिथल्या आदिवासींच्या स्वतःच्या बोलींतले कार्यक्रम ही त्याची खूण.

नियमांचं एवढं लक्षात ठेवा : २००२ च्या धोरणात सामुदायिक रेडिओ फक्त शैक्षणिक संस्थांना मिळत होता. २००६ च्या अखेरीस तो ना-नफा सामाजिक संस्थांना खुला झाला. संस्था किमान तीन वर्षं जुनी, नोंदणीकृत आणि त्या भागात काम केलेली हवी. प्रक्षेपणाची ताकद साधारण शंभर वॅट, म्हणजे आवाज दहाएक किलोमीटर जातो. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक असायला हवेत. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या पुढे ऐकवता येतात. धार्मिक कार्यक्रमांवर सरसकट बंदी नाही. मात्र कुणाच्या श्रद्धेचा गैरफायदा घेतला जाऊ नये आणि दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या भावना दुखावू नयेत, अशी स्पष्ट अट आहे. ही अट मला अगदी योग्य वाटते. दहा किलोमीटरच्या वर्तुळात फक्त कॅथलिक राहत नाहीत. तुमचा आवाज शेजारच्या मंदिराच्या ओट्यावर आणि मशिदीजवळच्या दुकानातही ऐकू येणार आहे. तो त्यांचाही रेडिओ व्हायला हवा.

प्रश्न : परवाना मिळाला, उद्घाटनाची तारीख ठरली. पहिल्या दिवशी काय लावावं यावर आमच्यात एकमत होत नाही. बिशपांचा संदेश, जपमाळ, की मान्यवरांची भाषणं? (युवक गटाचे पत्र)

मुलांनो, तुमचं अभिनंदन!

सुतातेन्सातला पहिला सांस्कृतिक कार्यक्रम १६ ऑक्टोबर १९४७ ला झाला. त्या दिवशी गावातल्याच शेतकऱ्यांनी आपली वाद्यं वाजवली. त्या काळी आवाज पेटीतून यायचा तो राजधानीतल्या माणसांचा. उतारावरच्या लोकांनी त्या दिवशी पेटीतून आपल्याच माणसांचं वाजवणं ऐकलं.

बिशपांचा संदेश दुसऱ्या दिवशी लावा, ते समजून घेतील. प्रार्थनेने सुरुवात करायची असेल तर जरूर करा, पण ती गावातल्या एखाद्या आजीच्या तोंडून होऊ द्या. तिला स्टुडिओत बोलावू नका. काचेची खोली आणि लाल दिवा बघून माणसाचा गळा आवळतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. रेकॉर्डर घेऊन तिच्या घरी जा. पंखा बंद करायला सांगा, कोंबडी-कुत्र्याचा आवाज आला तर येऊ द्या. माइक तोंडासमोर धरू नका, हनुवटीच्या थोडा खाली, वीतभर अंतरावर, म्हणजे श्वासाचा फुत्कार येत नाही. आधी तिच्याशी दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोला. रेकॉर्डर मात्र पहिल्या मिनिटापासून चालू ठेवा आणि तसं तिला सांगून ठेवा. पुष्कळदा कामाचं तेच निघतं.

आणि ते प्रसारित होईल तेव्हा तुमच्यातल्या एकाने स्टुडिओत थांबू नये. तिच्या शेजारी, रेडिओसमोर जाऊन बसावं.